सड्यावरचं सातवं घर

पहिलंच सांगून ठेवते — भुताखेतांवर, चकव्यावर, अंगात येण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बहुतेक नसेल. मी भूकरमापक आहे, म्हणजे जमिनी मोजणारी सरकारी बाई. बावीस वर्षं हेच करतेय. स्मशानं मोजलीत, देवराया मोजल्यात, भावाभावांनी एकमेकांवर कोयते उगारलेल्या आंब्याच्या बागा मोजल्यात. एका गावात ‘त्या विहिरीकडे भर दुपारी जाऊ नका मॅडम’ म्हणून सगळे मागे थांबले. मी एकटी गेले, विहीर मोजली आणि तिच्याच कठड्यावर बसून डबा खाल्ला. काही झालं नाही. भाजी तेवढी खारट होती.

ज्या गोष्टीला चार कोपरे नाहीत ती माझ्या नकाशात येत नाही, असं मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवायचे. तुमच्या या सदरातले वाचकांचे अनुभव आमच्या टायपिस्ट बाई मोठ्याने वाचून दाखवायच्या तेव्हा सगळ्यात जास्त मीच हसायचे. आता माझ्यावर हसायचं तेवढं हसा. मी जे झालं ते लिहिते, एक अक्षर वाढवत नाही.

गावाचं नाव देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. लांज्याहून जीपने पाऊण तास आत गेलं की डांबरी रस्ता संपतो. तिथे रस्त्यालगत धनगरवाडी आहे. वाडीच्या मागून पायी वीसेक मिनिटं चढलं की सडा लागतो; जीप लांबच्या कच्च्या वाटेने वळसा घालून वर येते. ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, जांभ्या दगडाचं लांबच लांब सपाट पठार. पावसात हिरवंगार, आणि एप्रिलमध्ये तापलेला तवा. झाड असं नाही, करवंदीच्या चार जाळ्या आणि वारा. माणूस लपेल असा आडोसा तिथे नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा. पुढे लागेल.

या सड्यावरून गॅसची पाइपलाइन जायची होती, किनाऱ्याकडून घाटाकडे. नकाशावर पट्टा आखलेला होता आणि कागदावर त्या जमिनीपुढे लिहिलेलं होतं — ‘कातळ. पोटखराबा. वस्ती नाही.’ पोटखराबा म्हणजे पीक न येणारी जमीन. आणि नेमक्या त्याच पट्ट्यात धनगरवाडीच्या बायका ताडपत्री बांधून बसल्या होत्या. बोर्ड नाही, घोषणा नाहीत, माइक नाही. वाडीतले पुरुष बहुतेक मुंबईला. या दहा-बारा जणी सकाळी भाकऱ्या बांधून वर यायच्या आणि सूर्य कलला की खाली जायच्या. म्हणायच्या एवढंच — आमची घरं आहेत इथे, घरांवरून पाइप जायचा नाही.

पहिली मोजणी त्यांनी परत पाठवली. दुसऱ्या वेळी मला पाठवलं, बाई म्हणजे बायकांशी बोलेल म्हणून. मी जीपमधून सामान उतरवलं, वळून बघते तर साठीची एक बाई माझ्या मोजणीच्या मशीनच्या पेटीवर ऐसपैस बसलेली.

“अहो उठा, नाजूक मशीन आहे ते,” मी म्हटलं.

“मी पन नाजूकच हाय,” ती म्हणाली. “बसूं दे दोघींना.”

ही सगुणाबाय. वाडीची पुढारी म्हणा, तोफ म्हणा. मी तिला विचारलं, कुठायत घरं? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझाच राग आला. मग हाताने दाखवलं. गवतात जांभ्या चिऱ्यांची जोती होती. घराचा पाया असतो ना, तेवढाच उरलेला. गुडघ्याएवढे चिरे, मध्ये माती. सहा जोती जवळजवळ आणि एक सातवं लांब बाजूला, सड्याच्या कडेला. वर छप्पर नाही, भिंत नाही, दार नाही.

“ही काय घरं?” माझ्या तोंडून गेलंच.

“मग काय बोटी हायत?” सगुणाबाय म्हणाली.

ती नवीन लग्न होऊन आली तेव्हा वाडी इथेच वर होती. झऱ्याचं पाणी आटलं, पोरांना शाळा लांब पडायला लागली, तेव्हा एकेक करत सगळी खाली रस्त्याला गेली. वासे, कौलं, दारं नेली. जोती तेवढी राहिली. “मानूस घर सोडतो बाय,” ती मला म्हणाली, “घरातली सोडीत नायत. ती हतंच हायत.” दर वर्षी पावसाच्या आधी या बायका शेण आणि पाणी डोक्यावरून वर आणतात आणि सातही जोती सारवतात. दिवा लावतात. आणि एरवीसुद्धा, गुरांमागे आल्या आणि पाय दुखले म्हणून टेकायचं असलं, तरी चिरे ओलांडून कोणी आत शिरत नाही. जिथे दार होतं तिथल्या उंबऱ्यासमोर उभं राहायचं, हाक मारायची — ‘हाय का घरात कोन?’ — जरा थांबायचं, पायातलं काढायचं आणि मगच आत जायचं. लहान पोरांनासुद्धा तेच शिकवतात.

त्या दिवशी मोजणी झाली नाही. पण संध्याकाळी लांज्याच्या माझ्या खोलीवर आले आणि मला झोप लागेना. भीती वगैरे काही नाही. मला बाबा आठवत होते.

माझे बाबा पोफळीच्या वीजघरात कामाला होते. मी अलोऱ्याच्या कॉलनीत वाढले. आम्हाला गाव नाही. म्हणजे होतं, ते कोयनेच्या धरणात गेलं, माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी. मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुन्या घरांची जोती चिखलातून वर येतात. मी नऊ वर्षांची असताना बाबा मला एकदा तिकडे घेऊन गेले होते. तडकलेल्या चिखलातून खूप चाललो. मग ते एका दगडांच्या रांगेसमोर उभे राहिले, चपला काढल्या आणि मोठ्याने म्हणाले, “आहे का घरात कोण?” मला इतकं हसू आलं! म्हटलं, बाबा, चिखलात कोण राहणार? ते रागावले नाहीत. नुसते उभे राहिले, बराच वेळ. मग चपला हातात घेऊन परत फिरले. आत गेले नाहीत. मला पुन्हा कधी तिकडे नेलं नाही.

पण सवय राहिली त्यांची. आई मी शाळेत असतानाच गेली. घरात कोणीसुद्धा नसायचं, बाहेर कुलूप असायचं, तरी किल्ली लावायच्या आधी हे हाक मारणार. मला लाज वाटायची. मोठी झाल्यावर तर चिडायचे मी, “बाबा, कुलूप तुम्हीच लावलंत ना?” दोन वर्षांपूर्वी ते गेले. मी लग्न केलं नाही. भाऊ-बहीण नाही. अलोऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांना मी दिवस झाल्यावर कुलूप लावलं, ते नंतर काढलंच नव्हतं. जाऊ जाऊ म्हणत होते. जाववत नव्हतं, हे खरं.

असो. पुढच्या आठवड्यात तडजोड निघाली. बायका म्हणाल्या, मोजा, पण आमची जोती पण मोजा आणि आहे ते लिहा. कंपनीचे इंजिनिअरही तयार झाले. चाळिशीचे सभ्य गृहस्थ, बाहेरचे, सारखे टोपी काढून घाम पुसायचे. त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं सरळ सांगितलं. राहती घरं पट्ट्यात आली तर लाइन वळवावी लागते, तसा नियमच आहे. पडक्या जोत्यांसाठी वळवायची गरज नाही. “पंचनाम्यात ‘सद्यःस्थितीत वस्ती नाही’ एवढं एक वाक्य आलं मॅडम, की सगळेच मोकळे.” त्यात खोटं काय होतं? काहीच नाही. मी मान डोलावली. वाक्य माझ्या डोक्यात लिहून तयार होतं.

सगुणाबायची एकच अट होती. “दारातनं शिरायचं. हाक मारून शिरायचं. चिऱ्यावरनं तंगडी टाकलीस तर मशीन दरीत.”

अकराच्या सुमारास सुरू केलं. माझ्यासोबत आमचे शिपाई पाष्टेकाका, पुढच्या वर्षी रिटायर होणारे. पहिल्या जोत्यापुढे मी उभी राहिले आणि पुटपुटल्यासारखं केलं, हाय का कोण.

“ऐकू नाय आलं गो!” ताडपत्रीखालून सगुणाबाय ओरडली. “पगार घेतंस ना? मोठ्यान बोल!”

बायका खदाखदा हसल्या. पाष्टेकाका पण हसले, लबाड. माझे कान तापले, पण मोठ्याने हाक मारली. कोणी ओ दिली नाही, अर्थातच. बूट काढले, आत गेले, कोपरे घेतले, बाहेर आले, बूट घातले. जोत्यातली माती कोरडी ठणठणीत. मागच्या वर्षीच्या सारवणाचे पोपडे उडालेले, त्यांतून गवत आलेलं, तेही वाळून पिवळं. असं सहा वेळा झालं. मी टाचणवहीत, म्हणजे मोजणीच्या कच्च्या वहीत, प्रत्येक जोत्याची माहिती लिहीत होते. लांबी, रुंदी, चिऱ्यांचे थर, उंबरा. सहाही उंबऱ्यांच्या दगडांना दोन्ही टोकांना चौकट बसवायच्या खाचा होत्या, तेही लिहिलं. सवय आहे मला, दिसेल ते लिहायचं.

सातव्या जोत्याकडे गेले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पाष्टेकाका पाण्याच्या बाटल्या आणायला जीपकडे गेले. इंजिनिअर गाडीत बसले होते. बायका तिकडे लांब ताडपत्रीखाली भाकऱ्या सोडत होत्या. किती लांब, ते मी नंतर मशीनने घेतलं — तीनशे बारा मीटर. सड्यावर तेवढ्या भागात मी एकटी होते. वारा पण पडलेला होता.

आधी बाहेरूनच उंबरा बघितला. या दगडाला खाचा नव्हत्या. मी वहीत लिहिलं, ‘जोते क्र. ७. उंबऱ्यास चौकटीच्या खाचा आढळल्या नाहीत.’ मग पेन खिशाला लावलं आणि हाक मारली. कंटाळून, उरकायचं म्हणून मारली. तोंडातून शब्द मात्र सगुणाबायचे आले नाहीत. बाबांचे आले.

“आहे का घरात कोण?”

“ये गो बाय,” आतून आवाज आला. “दार उघडंच हाय. पायातलं काढ तेवढं, आत्ताच सारवलंय.”

म्हातारीचा आवाज. लांबून आलेला नाही, कानात घुमलेला नाही. समोर चार हातांवरून बोलावं तसा, कामात असलेल्या बाईचा.

आणि मी घाबरले नाही हो! हेच मला अजून कळत नाही. मी खाली वाकले, बुटाच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि आत पाऊल टाकलं. कोणाच्याही घरी गेल्यावर टाकते तसं. बाहेरचा कातळ पोळत होता. आत पाय टेकवला तो गार लागला. गार आणि ओला. जरासा निसरडा, बोटांच्या मध्ये येणारा. ताज्या शेणाचा वास आला. सारवलेल्या जमिनीवर ज्यांनी पाय ठेवलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

मी खाली बघितलं. खाली वाळकं गवत होतं, खडे होते, फुटक्या कौलाचा एक तुकडा होता. डोळ्यांना कोरडं आणि पायांना ओलं, दोन्ही एकदम. मी तशीच उभी राहिले. आणि मग मी मोठ्याने म्हणाले, “नको, पाणी नको. घाईत आहे जरा.”

मला कोणी पाणी विचारलं नव्हतं. निदान ऐकू आलं नव्हतं. पण आपल्याला कळतं ना, समोरचं माणूस उठतंय, तांब्याकडे वळतंय... तसं कळलं मला. आणि मी नको म्हटलं. फिल्डवर कोणी पाणी विचारलं की मी हेच म्हणते, बावीस वर्षं. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. पायांखालचा गारवा हळूहळू गेला आणि खडे टोचायला लागले.

मी चारी कोपरे घेतले.  बाहेर येऊन उंबऱ्यावर बसले आणि मोजे घालायला पाय वर घेतला. तोपर्यंत पाष्टेकाका आले होते.

“मॅडम, शेनात पाय दिलात काय?”

दोन्ही तळवे शेणामातीने माखलेले. ओले. बोटांच्या बेचक्यांत पण. पाष्टेकाकांनी इकडेतिकडे बघितलं. “हतं जनावर एक नाय... शेन आनलंत कुठनं?”  रुमालाने पाय पुसले. मग मी जोत्याभोवती दोनदा फिरले. लपायला जागा नव्हती. कोणी मोबाइल, स्पीकर काही ठेवलाय का, तेही बघितलं. चिरे हलवून बघितले. जोत्यातली माती पुन्हा हाताने चाचपली. कोरडी, गरम धूळ. तो रुमाल मी धुतलेला नाही. टाचणवहीच्या प्लास्टिकच्या कव्हरात आहे. हिरवट डाग आहे. वाटलं तर बघायला या.

गाडीच्या बॉनेटवर पंचनामा लिहायला बसले. इंजिनिअर शेजारी उभे होते, सगुणाबाय दुसऱ्या बाजूला. ती मघापासून माझ्या तोंडाकडे बघत होती. चार ओळी लिहून झाल्या आणि ते वाक्य आलं. ‘सद्यःस्थितीत वस्ती’... आणि पेन थांबलं.

मला सांगा, मी काय लिहिणार होते? ‘नाही’ लिहायचं तर मला नुकतंच कोणीतरी म्हणालं होतं की पायातलं काढ, सारवलंय. घर नाही असं त्याच बाईच्या अंगणात बसून लिहायचं? बावीस वर्षांत मी आहे ते नाही आणि नाही ते आहे असं कधी लिहिलेलं नाही. लोकांनी किती गळ घातली तरी नाही. माझ्याकडे दुसरं आहेच काय मिरवायला?

मी लिहिलं, ‘सद्यःस्थितीत वस्ती आहे. एकूण घरे सात.’

इंजिनिअरनी टोपी काढली, वाचलं, पुन्हा वाचलं. “मॅडम, अहो... कोण राहतं इथे?” मी म्हटलं, मी मोजणीला आलेय, खानेसुमारीला नाही. सह्या घेतल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले. 

आठ दिवसांत मेमो आला. अपेक्षेप्रमाणेच. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून आवाज न चढवता समजावलं. वाईट माणूस नाही, त्यांना फक्त कटकट नको असते. “नजरचुकीने लिहिलं गेलं म्हणून दोन ओळी द्या, दुरुस्त करून घेऊ. नाहीतर घर क्रमांक सातमध्ये प्रत्यक्ष कोण आढळलं, नाव काय, ते लेखी द्यावं लागेल.” इतर सहा घरांचे निदान वाडीतले वारस तरी होते. सातव्याच्या पुढे सगळंच कोरं होतं.

रविवारी मी एकटीच एसटीने गेले. सगुणाबाय अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. मी विचारलं, सातवं घर कोणाचं?

तिने आधी मला बसवलं. मग म्हणाली, “आलं ना उत्तर तुला?”

 मी मान हलवली.

“मला वाटलंच. तुजं तोंड बगितलं नि समाजली.” मग तिने सांगितलं. ते घर वाडीतल्या कोणाचंच नव्हतं. घाटाकडची एक बाई होती, धरणात गाव गेलेली. गाव उठलं तेव्हा तिची माणसं एकीकडे गेली आणि ही म्हशी घेऊन दुसरीकडे. कुठे कुठे फिरत या सड्यावर आली. धनगरांनी तिला कडेला जागा दिली, घर उभं करून दिलं. सगुणाबायने तिला पाहिलेली, म्हातारी झालेली. नाव? नाव कोणाला आठवत नाही. सगळी तिला धरणाची बाय म्हणायची.

“एकच येड होतं तिला,” सगुणाबाय म्हणाली. “दार बशिवलान नाय कधी. पावसात पन नाय. चौकटच नको म्हनायची. माजं कोन येल नि दार लावलेलं दिसलं तर परत जाईल. नि रोज सारवायची गो. रोज! आमी हसायचो. म्हनायची, आल्यावर पाय कुठं ठेवील?”

मी वही उघडली आणि माझ्याच अक्षरातली ती ओळ तिला वाचून दाखवली. चौकटीच्या खाचा आढळल्या नाहीत. ती बिया हाताने पसरत राहिली.

“कोणी आलं का मग तिचं?”

“नाय. आमी मारतो हाक, पन आमी शेजारी. आमाला कदी ओ दिलान नाय. तिचं असं दारात कोन उबं ऱ्हायलंच नाय.” मग म्हणाली, “तू धरनातलीच ना गो?”

मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. कदाचित पाष्टेकाकांनी सांगितलं असेल. मी जोडाजोड करत नाही. धरणातून कितीतरी गावं उठली, कितीतरी म्हाताऱ्या कुठे कुठे गेल्या असतील. ती माझी कोणी नव्हती, असंच मी धरते. पण मला एकच गोष्ट खात होती आणि ती मी सगुणाबायला सांगून टाकली. इतकी वर्षं तिने वाट बघितली, शेवटी तिच्याकडचं कोणीतरी दारात आलं, ती पाणी द्यायला उठली... आणि मी म्हटलं, घाईत आहे! हे सांगताना मी रडले. सत्तेचाळीस वर्षांची सरकारी बाई, परक्या अंगणात, काजूच्या बियांसमोर. सगुणाबायने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, “चल वर.”

वर गेलो. ती ताडपत्रीपाशी थांबली. मी एकटी सातव्या घराकडे गेले, उंबऱ्यासमोर उभी राहिले, हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली नाही, बरं दिसत नाही. चपला काढल्या आणि आत जाऊन बसले. जमीन तापलेली होती. पिशवीतून बाटली काढली आणि सगळं पाणी तिथेच बसून प्यायले. सावकाश प्यायले. कसलीच घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी मेमोचं उत्तर दिलं. जसंच्या तसं देते — ‘घर क्र. ७ येथे उंबऱ्यासमोर उभे राहून हाक मारली असता आतून उत्तर मिळाले. सबब घर राहते आहे. राहणाऱ्या स्त्रीचे नाव स्थानिकांस ज्ञात नाही. ती धरणग्रस्त आहे.’ साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला. मग म्हणाले, “रजेवर जाता का थोडे दिवस?”

सध्या माझ्याकडे फिल्ड नाही, रेकॉर्ड रूम आहे. फाइल वर गेलेली आहे. नवीन मोजणी लावलीय म्हणतात, दुसरं कोणी येणार. पट्टा अजून वळलेला नाही आणि खणलेलाही नाही. बायका रोज भाकऱ्या घेऊन वर जातात. नवा जो कोणी येईल त्यालाही सगुणाबाय हाक मारूनच आत पाठवणार. त्याला उत्तर येईल की नाही, माहीत नाही. मला का आलं, तेही माहीत नाही. उन्हाचा परिणाम म्हणा, मनाचे खेळ म्हणा, सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. रुमालापाशी येऊन थांबते.

रजा मात्र घेतली. चार दिवसांची. अलोऱ्याला गेले. बाबांच्या खोल्यांच्या दारात वाळलेली पानं साचली होती, कुलूप गंजलं होतं. किल्ली हातात धरून मी उभी राहिले. शेजारच्या बाई गॅलरीतून बघत होत्या, बघू देत. मी मोठ्याने हाक मारली, “आहे का घरात कोण?”

आणि थांबले. बाबा थांबायचे तेवढं थांबले, त्याहून जास्तच. मग चपला काढल्या, कुलूप काढलं आणि आत गेले. फरशी कोरडी होती.